गुलाबी कंदांचा वाफा

गुलाम रसूल भोकरच्या एका शाळेत अठरा वर्षं माळी होता. यंदा त्याने आवाराच्या कडेची जुनी मेंदी उपटून तिथे हळदीच्या जातीचे, गुलाबी फुलांचे नवे कंद लावले. असली फुलं गावात कुणी पाहिली नव्हती. पहिल्या कळ्या आल्या, त्याच सकाळी रानडुक्कर आत घुसलं आणि कंद उकरून खाऊ लागलं.

गुलाम रसूल कुदळ घेऊन धावला. डुकराने वळून धडक दिली. सुळा मांडीत शिरला, तसा तो चिखलात आपटला. पडल्यापडल्याच त्याने कुदळ हाणली, पुन्हा हाणली. डुक्कर कोसळलं, तरी तो हाणतच राहिला. कळ्यांवर रक्त उडालं.

झाडलोट करणारी चतुराबाई ओरडत आली, "चाचा, बस करा! मेलं की ते. कुणाला मारून राहिलात?"

तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. डुकराचा उघडा डोळा पाहून त्याला भडभडून उलटी झाली.

दोन महिन्यांनी तो लंगडत कामावर आला. मास्तर कौतुकाने म्हणाले, "शेर निघालात, चाचा!"

"दोन घाव जिवासाठी मारले, मास्तर," तो म्हणाला. "बाकीचे कशाला मारले, मलाच ठावं न्हाई."