गुळ्याचं पथ्य

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण आमची अख्खी आळी आधीच हसून मोकळी झालीय. फक्त हातातला चहा आधी संपवा. मध्येच ठसका लागला तर मला पथ्य सांगावं लागेल, आणि पथ्य सांगणं मी सध्या बंद ठेवलंय. का बंद ठेवलंय, तोच तर किस्सा आहे.

श्रीवर्धनात आमच्या आळीत कोणाला काही झालं की डॉक्टरच्या आधी माणूस माझ्याकडे येतो. मी औषध देत नाही हं, तो माझा प्रांत नाही. मी फक्त बंद करते. खोकला आला, आंबट बंद. अंगावर पित्त उठलं, वांगं बंद. झोप लागत नाही, संध्याकाळचा चहा बंद. आमच्या ह्यांचं तर लग्नापासून काही ना काही बंदच आहे, आणि बघा, त्यांची तब्येत कशी ठणठणीत आहे! तोंडावर हसू फारसं नसतं, पण तब्येत ठणठणीत.

तर झालं काय, माझ्या बहिणीची मुलगी मुक्ता उरणला असते, बंदरावरच्या एका कंपनीत नोकरीला. तिने भाड्याचं घर बदललं आणि नव्या मालकाला घरात प्राणी चालेनात. मग तिने तिचा गिनीपिग आमच्याकडे आणला, कायमचा. तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. ओंजळीत मावेल एवढा, बिनशेपटीचा, उंदराच्या नात्यातला, पण चेहऱ्याने अगदी सभ्य. रंग गुळाच्या ढेपेसारखा, म्हणून नाव गुळ्या.

मुक्ताने सुक्या गवताचं पोतं दिलं, गोळ्यांच्या खाद्याचं पाकीट दिलं आणि सांगायला बसली. गवत सतत पुढ्यात हवं, रोज हिरवा पाला, ढोबळी मिरचीची फोड चुकवायची नाही, फळ अगदी थोडं. पुढचं मी ऐकलंच नाही. आळीतल्या तीन पिढ्यांना काय खायचं ते मी सांगते, आणि ही कालची पोर मला शिकवणार?

निघताना मात्र तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त आहे. गणपतीला येते त्याला बघायला." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ह्याच वाक्याने माझी झोप उडवली.

गुळ्याचं बिऱ्हाड मागच्या पडवीत मांडलं. पहिल्याच दिवशी मी कौतुकाने कोथिंबिरीची जुडी पुढे धरली. त्याने वास घेतला, आणि काय सांगू, चारी पायांवर ताड्‌कन उडाला! हवेतच वळला, मान झटकली, खाली आला आणि पुन्हा उडाला.

फिट! दुसरं काय असणार? मी ह्यांना हाक मारून कांदा फोडून आणायला लावला आणि गुळ्याच्या नाकाशी धरला. माणसाला हुंगवतात, तर ह्याला का नको? गुळ्या दोनदा शिंकला आणि कोपऱ्यात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. उड्या थांबल्या. म्हणजे कांदा लागू पडला की नाही? तुम्हीच सांगा.

त्या दिवसापासून कोथिंबीर बंद.

दुसऱ्या दिवशी ढोबळी मिरची दिली. पुन्हा तेच. मिरची बंद. काकडीला तर तो उडाला तो थेट पाण्याच्या भांड्यात पडला. काकडी बंद. मेथी, कलिंगडाची साल, एकेक करून सगळं बंद झालं. गोळ्यांचं पाकीट आमच्या खाऱ्या हवेने सादळलं आणि बुरशी धरली, ते टाकून दिलं. उरलं सुकं गवत आणि दुधी. दुधी दिला की गुळ्या जागचा हलायचा नाही. एक घास घ्यायचा, चावायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा.

दुधी मानवला त्याला, मी म्हटलं. अहो, दुधी खाऊन आजवर कोण नाचलंय, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

एवढं करूनही रोज सकाळी एक फिट यायचीच. आमचे हे सुपारीच्या वाडीत शिंपणं करून परत येताना मूठभर ओली हरळी आणायचे. त्यांच्या चपलेचा आवाज आला की गुळ्या किंचाळायला लागायचा, आणि हे दारात दिसले की सुरू. हरळी बंद केली, तरी चपलेला फिट यायचीच. मग मी निष्कर्ष काढला की त्याला ह्यांच्या अंगाचा वास सोसत नाही. वाडीतलं खत, ओल्या सुपाऱ्या, काय काय घेऊन येतात कोण जाणे.

हे एवढंच म्हणाले, "अगं, मला तर तो मजेत दिसतो."

"मजेत कोणी असं उडतं का? आपल्या घरात कोणाला पाहिलंत कधी?"

ह्यांनी खरोखर विचार केला. "नाही," म्हणाले, "आपल्या घरात नाही पाहिलं."

झालं तर मग. ह्यांना पडवी बंद केली. पथ्याची सवय असलेला माणूस, पुढच्या दाराने ये-जा करू लागला.

आणि फिटा थांबल्या. एकदम थांबल्या! मी आळीत सगळ्यांना सांगत सुटले. मुक्ताचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं की तुझा गुळ्या आता इतका शांत झालाय, की घरात आहे असं वाटतच नाही.

ते खरंच होतं, हे मला जरा उशिरा दिसलं. त्याचे केस राठ झाले. अंगाचा गोळा करून बसून राहायचा, चालला तर पाय आखडल्यासारखा. एका सकाळी त्याने दुधीकडेही बघितलं नाही. हातात घेतला तर नुसता हलका लागला. मुक्ता निर्धास्त होती ना? गणपती तोंडावर आले होते. आल्यावर तिला काय दाखवणार होते मी, रिकामी पडवी?

गावातल्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचं बघतात. तिथून कळलं की माणगावला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या असले छोटे प्राणी तपासतात. गुळ्याला टोपलीत गवतावर ठेवलं आणि आम्ही दोघं एस्टीत बसलो. शेजारच्या कोळीणबाईंनी टोपलीत डोकावून विचारलं, "ससा हाय का गं ह्यो?" एरवी मी त्यांना सगळं चरित्र सांगितलं असतं. त्या दिवशी नुसती मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे दात बघितले, पाय हलवून बघितले, आणि काय खातो विचारलं. मी दुधी सांगितला. बाकी काहीच का देत नाही, असं विचारलं त्यांनी, तर मी फिटांची सगळी हकीकत सांगितली. मिरचीला येते, काकडीला येते, कोथिंबिरीला तर फारच जोरात.

"आणखी कधी येते?"

"हे आले की."

"आणि तुम्ही आलात की?"

"एकदाही नाही," मी मान ताठ करून सांगितलं. माझ्या हाताला गुण आहे, हे डॉक्टरांनाही कळायला हवं ना?

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं म्हशीच्या जातींचं चित्र फार बारकाईने बघत होते.

"काकू," बाई म्हणाल्या, "त्या फिटा नव्हत्या. हा प्राणी खूश झाला की असाच उडतो. कढईत लाही फुटते ना, तसा."

मग त्यांनी समजावलं. आपल्यासारखंच ह्या प्राण्यांच्या अंगातही सी जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या हिरव्या खाण्यातून मिळावं लागतं. नेमकं तेच मी बंद केलं होतं, म्हणून सांधे दुखत होते आणि अंगातलं त्राण गेलं होतं. रोज तोंडात त्या जीवनसत्त्वाचे थेंब सोडायचे, ढोबळी मिरची द्यायची, गवत हवं तेवढं, कारण गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात आणि गवतानेच झिजतात. वाचेल ना, मी विचारलं. वेळेत आणलंत, वाचेल, म्हणाल्या. "फक्त आता काही बंद करू नका."

परतीच्या एस्टीत मला रडू आलं. एवढासा जीव, त्याला जे जे आवडलं ते ते मी शोधून शोधून काढून घेतलं, आणि वर फुशारकी मारत फिरले. ह्यांनी टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हणाले, "रडू नकोस. तूच नेलंस ना त्याला?"

थेंब मी स्वतः पाजले, अगदी वेळेवर. ह्यांना पडवी खुली केली. गुळ्या हळूहळू मिरची कुरतडायला लागला, केस पुन्हा मऊ झाले, आणि एका सकाळी ह्यांच्या चपलेचा आवाज आला तसा तो उडाला. पुरता वीतभर! मी दारात उभी राहून डोळे पुसले. मुक्ता गणपतीला आली, तिला मी सगळं खरं सांगितलं. ती आधी रागावली, मग हसता हसता खाली बसली.

माझ्यासाठी मात्र तो अजून काही उडालेला नाही. मी हातात मिरची धरते, लाडीगोडी लावते. तो मिरची घेतो आणि इंजेक्शनवाल्या नर्सकडे बघावं तसा माझ्याकडे बघतो.

मागच्या आठवड्यात मुक्ताला ताप आला म्हणून मी उरणला गेले. तिथून घरी फोन केला. मागे कढईत काहीतरी चुरचुरत होतं. ते काय, ते मी विचारलं नाही. एवढा संयम आता आलाय मला.

"गुळ्या कसा आहे?"

"मस्त. तू एस्टीत बसलीस तेव्हापासून उड्या मारतोय."

"आणि तुम्ही?"

ह्यांनी कढईत झारा फिरवल्याचा आवाज आला. मग हे शांतपणे म्हणाले, "माझे गुडघे दुखतात गं. म्हणून मी नुसता उभा आहे."