अडखळत चालणारा नवरदेव

तासगावात बेदाण्याच्या एका गोदामावर, माळ्यावर, नागसेनचा टायपिंगचा क्लास होता. बाहेरच्या खोलीत टाइपरायटर खडखडायचे आणि आत, काचेच्या दारामागं, एकच कॉम्प्युटर. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला. पण नागसेन त्याला जपायचा किती, तर चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि क्लास सुटला की वर आईनं शिवलेला झालरीचा झगा. या कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते होतं, असं तो सगळ्या गावाला सांगत फिरायचा. सत्त्याण्णव साली त्या बढाईनंच त्याला घाम फोडला.

झालं असं, की त्याच्या बहिणीला, नीलिमाला, बघायला दोन ठिकाणची माणसं येऊन गेली होती. दोन्ही वेळी त्यांनी तिला उभं केलं, दारापासून भिंतीपर्यंत चालून दाखवायला लावलं, आणि पोहे खाऊन ते निघून गेले. त्यानंतर नीलिमा म्हणाली, आता कुणापुढं चालणार नाही. मग नागसेननं स्वतः खटपट करून खंडाळ्याचं स्थळ काढलं. मुलगा कपिल, मस्कतला वर्कशॉपात कामाला. रजा इतक्यात मिळत नव्हती, म्हणून त्यानं तिकडूनच आपलं चित्रीकरण करून सीडी धाडली. नागसेनची छाती फुगली. म्हणाला, आपल्याच क्लासात बघू की.

आई बनाबाई आली, चुलते धोंडीबा आले. वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द धोंडीबांचा. चपला बाहेर काढून सगळे आत बसले. सीडी लागली. कपिलचा चेहरा दिसला, बरा होता. मग तो लांबून चालत यायला लागला, आणि नागसेनच्या लाडक्या कॉम्प्युटरनं मान टाकली. चित्र थिजायचं, मग एकदम पुढं उडी मारायचं. पाय हवेत लटकायचा. आवाजाचे तर तुकडे तुकडे.

"पोरगं लंगडतंय," धोंडीबा म्हणाले.

"आवं काका, त्यो न्हाई, कॉम्प्युटर लंगडतोय. जुना हाय. एवढं चित्र झेपत न्हाई त्याला."

"काल तर सांगत हुतास, ह्याला समदं येतंय."

नागसेननं झटकन सीडी बंद केली. धोंडीबा चपला घालता घालता बोलले, "सरळ चालताना दाव मला. न्हाईतर रविवारी खंडाळ्याला न्हाई म्हणून निरोप धाडतो."

तिथनं नागसेनच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. त्यानं सीडी मऊ फडक्यानं पुसली. कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावूनही घासली. मग सगळी फिल्म हार्ड डिस्कवर उतरवून घेतली, त्यासाठी पोरांचे गेम उडवले आणि पोरांच्या शिव्या खाल्ल्या. रंग कमी केले, तर कपिल हिरवा पडला. शेवटी चित्राची चौकट लहान केली, तसं जरा सुधारलं. पण धोंडीबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "पोष्टाच्या तिकिटावर जावई बघू व्हय रं?"

एस्टीनं सांगली गाठली. दुकानदार म्हणाला, मेमरी वाढवा. वाढवली. कपिल पुन्हा एक पाय उचलून तसाच उभा. नागसेनला आता त्या माणसाचाच राग यायला लागला. एवढं चालायचं होतं कशाला, गप खुर्चीत बसून बोलायचं की. सांगलीच्या दुकानात नवा कॉम्प्युटर होता, तिथं चला म्हणून काकांना विनवलं, तर ते म्हणाले, शोकेसपुढं उभं राहून सोयरीक जुळवायची रीत आपल्यात न्हाई.

नीलिमा क्लासात शिकवायची. तिनं दोनदा विचारलं, "दादा, मला एकदा शेवटपत्तुर बघू दे की."

"नीट झाल्यावर बघ. असं बघितलंस तर मनात किंतू येईल," तो खेकसला. चालणं आलं की तो बंदच करायचा. पुढचं काही त्यानं स्वतःही कधी बघितलं नव्हतं.

सांगलीच्या दुसऱ्या फेरीत दुकानातल्या मेकॅनिकनं खरं सांगितलं. काही केलं तरी हे मशीन असली फिल्म एकट्यानं ओढणार नाही, त्यासाठी वेगळं कार्डच बसवावं लागतं. नागसेननं कार्ड मागून आणलं आणि रविवारी सकाळी बसवलं. धोंडीबा समोर येऊन बसले, शेजारी आई आणि नीलिमा.

सीडी लागली. चित्र लोण्यासारखं सरकलं. कपिलच्या मागनं एक सायकलवाला या टोकाहून त्या टोकाला सरळ गेला, कुठं अडखळला नाही. आणि कपिल चालत आला, डावा पाय ओढत. प्रत्येक पावलाला.

 नागसेनचा हात सीडी बंद करायला माउसकडं गेला. नीलिमानं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे."

कपिल जवळ येऊन थांबला. "नमस्कार. लहानपणी पोलिओ झाला, त्यानं हा पाय असा आहे. कामात अडत नाही. आपल्यात मुलीला चालून दाखव म्हणतात. म्हटलं, आधी मीच चालून दाखवतो. बघा, मग सांगा."

"मी पयल्या दिवशीच म्हणालो हुतो," धोंडीबा उठत म्हणाले.

"तुमी पाय बघितला काका, पर त्यो बोलला ते कुणी ऐकलं?" नीलिमा म्हणाली. मग भावाकडं वळली. "दादा, तू ज्याला आठवडाभर बिघाड म्हणत हुतास, तेच त्यानं मुद्दाम दावलं हुतं. मला चालायला लावणारे दोन ठिकाणचे आले, त्यातला एक तरी स्वतः उठून चालला का? माझं व्हय हाय."

नागसेनला तोंड वर करवेना. इतकी मरमर कशासाठी केली, तर त्या माणसानं खरं दाखवलं, तेच खोटं ठरवण्यासाठी. धोंडीबांनी बनाबाईकडं बघितलं. 

"जिला चालायला लावलं, तिलाच इचारा आता," ती म्हणाली.

धोंडीबा दारापर्यंत गेले. मग परत येऊन बसले.

"लाव रं पुन्हा," ते म्हणाले. "आन आवाज मोठा कर."