बाळंतिणीच्या खोलीतला अलार्म

हैदराबादच्या हिमायतनगरातील तो प्रसंग माझ्या स्मरणातून अद्याप गेलेला नाही. त्यात अखेर गुन्हा निघाला नाही. पण एक निरपराध बाई गुन्हेगार ठरण्याच्या बेतात होती, म्हणून तो सांगण्याजोगा आहे. नावे देत नाही.

हिवाळ्याची सकाळ होती. पोलीस स्टेशनात पहारा बदलत असतानाच फोन आला. बोलणारे गृहस्थ जुन्या हैदराबादी मराठी कुटुंबातले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती अंथरुणातच बेशुद्ध आढळली आणि तिच्या भावाने तिला अँब्युलन्समधून दवाखान्यात नेले होते.

"मालिशवालीनं काढ्यात काहीतरी कालवलं, साहेब. बाळाला घेऊन पळत होती. जिन्यात पकडून ठेवलीय."

"खोलीतल्या कशालाही हात लावू नका," एवढेच सांगून मी निघालो. पुरावा जपण्यासाठी ही सूचना आम्ही नेहमीच देतो. त्या दिवशी तिचा परिणाम वेगळा झाला.

जिन्यात शेजारी जमले होते. मालिशवाली बाई पन्नाशीची, अंबरपेठची. पायरीवर बसून होती. बाळ तिच्या हातून काढून एका शेजारणीकडे दिलेले होते. एक शेजारी तिला विचारत होता, "बोल, बच्ची कू बेचने किधर ले जा रई थी?"

"बेचने कू ऊपर छत पो जाते क्या?" तिने उलट विचारले. "अक्कल घर पो रख को आए क्या, भाई?"

शेजाऱ्यांना मी घरी पाठवले आणि महिला कॉन्स्टेबलसमोर तिचा जबाब घेतला. काढा मुलीच्या आईने केला होता. बाईने फक्त पाजला होता. बाळाला बाहेर का नेले, या प्रश्नाचे उत्तर तिने सरळ दिले.

"दीवार पो का डब्बा चिल्लाया, साब. बच्ची चमक को रोने लगी. छत पो धूप में ले को गई. उतरी तो ये साब मेरेकूच पकड़ लिए."

मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून आत पाहिले. भिंतीवर डबा नव्हता. नुसता खिळा होता. मी गृहस्थांकडे पाहिले.

"जावयांनी परदेशातून आणलेला अलार्म," ते नाखुशीने म्हणाले. "धुराचा आणि कसल्याशा गॅसचा. फोडणीत मिरची पडली की भुंकतो. आज बाळंतिणीला धुरी दिली, तर पुन्हा तेच. सेल काढले आणि कपाटात टाकला."

"कशानं वाजला ते पाहिलंत?"

"पाहायचं काय? धूर तर समोरच होता."

आम्ही खोलीत पंचनाम्याला बसलो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या आणि फटींत जुन्या साड्यांचे बोळे कोंबलेले होते. खाटेखाली कोळशाची शेगडी होती. ओवा आणि बाळंतशेपा जळून गेल्या होत्या, पण राखेखाली निखारे धगधगत होते. माझ्या सूचनेमुळे ना शेगडी हलली होती, ना खिडकी उघडली होती.

थोड्याच वेळात कॉन्स्टेबलने लिहिणे थांबवले. "साहेब, डोकं ठणकतंय. मळमळतंय."

दारात बसलेली मुलीची आई म्हणाली, "माझंही सकाळपासून तसंच आहे. जागरणानं असेल."

माझ्याही कानशिलांवर ताण आला होता. काढा एकीनेच घेतला होता. डोके तिघांचे दुखत होते.

"सगळे बाहेर. आत्ता."

आई बाळाचे दुपटे घ्यायला मागे वळली. "मावशी, परत आत जायचं नाही," असे बजावून मी त्यांना गच्चीवर पाठवले. इमारतीतल्या सर्वांना वर बोलावून माणसे मोजली आणि तेथूनच अग्निशमन दलाला फोन केला. दुसरा फोन दवाखान्यात: "डॉक्टर, विषाचं नंतर पाहा. आधी रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे का तपासा."

होता. मुलीला तत्काळ प्राणवायू लावण्यात आला. जवानांनी मुखवटे लावून शेगडी बाहेर काढली, खिडक्या उघडल्या आणि हवा मोजली. त्यांनी परवानगी देईपर्यंत मी कोणालाही खाली उतरू दिले नाही. सायंकाळी मुलगी शुद्धीवर आली आणि तिने सर्वांत आधी बाळाची चौकशी केली.

धूर डोळ्यांना झोंबतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणसाला गुंगी येते आणि त्यातच तो जातो. फोडणीने अलार्म वाजत असेल, तर तो चुलीपासून दूर लावावा. सेल काढू नयेत. तो वाजला की कारण शोधत बसू नये. सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, माणसे मोजावीत आणि फोन बाहेरूनच करावा. बंद खोलीत निखारे ठेवूच नयेत, मग ती बाळंतिणीची खोली का असेना.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ म्हणाले, "तक्रार मागे घेतो."

"ती स्टेशनात मागे घ्याल. आरोप मात्र जिन्यात केलात."

या बाईची रोजी तिच्या नावावर चालत होती. पोलिसांनी जिन्यात जबाब घेतलेल्या बाईच्या हाती कोणतेही घर तान्हे मूल देत नाही. गृहस्थांच्या पत्नीने मालिशवालीला बोलावून घेतले आणि शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्या स्वतः वाजवल्या. सगळे बाहेर आल्यावर तिने बाळ बाईच्या हातात दिले.

"चूक आमची झाली. तुमच्यामुळंच ही पोर वाचली. मालिशीला येत राहाल ना?"

बाईने बाळाचे टोपडे नीट केले. "आतूं, अम्मा. खिडकी खुली रखना."

कटकट करणाऱ्याला गप्प करावे आणि परक्यावर संशय घ्यावा, या दोन्ही गोष्टी माणसाला सोप्या वाटतात. त्या घराने एकाच सकाळी दोन्ही केल्या. अलार्म गप्प होण्यापूर्वी जेवढा वाजला, तेवढ्याने बाळ रडले आणि खोलीबाहेर गेले. ज्या बाईने ते बाहेर नेले, तिला मी आरोपीसारखे पायरीवर बसलेले पाहिले होते. त्यानंतर मी कोणत्याही घरात जबाब घेण्याआधी खिडकी उघडायला सांगत असे.