बाजरीची तीन पोती आणि मागचा गिअर

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. पण गाडीच्या मागच्या दांड्यात काय फिरतं ते मला कळतं. पारोळ्यात मी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवतेय. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण मोटारीनं, पट्ट्यानं आणि दगडानं केलं. मोटारीवरची पुली लहान, दगडाकडची मोठी. दगडाकडची आणखी मोठी बसवली की दगड सावकाश फिरतो, पण जोर वाढतो. लहान बसवली की दगड पळतो, पण ओलसर ज्वारी आली की गुदमरतो. गाडीच्या मागे हेच असतं, फक्त पुलीच्या जागी दात आणि दगडाच्या जागी चाक.

हे सगळं सांगायचं कारण माझी नात. लेकीची लेक, जामनेरची. धुळ्याला गाड्यांचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका गॅरेजात नोकरीला लागली. राहते माझ्याकडे पारोळ्यात, रोज एसटीनं जाते-येते. पहिल्या दिवशी डबा घेऊन मोठ्या ऐटीत गेली. संध्याकाळी आली आणि डबा ओट्यावर आदळला.

"काय दिलं काम?"

"पेन दिलं," ती म्हणाली. "बिलं लिहायची."

वर्ष गेलं तरी पेनच. गॅरेजचे मालक आबा. माणूस वाईट नाही, हात तर सोन्याचा. पण मुलीनं गाडीखाली झोपायचं हे त्यांच्या डोक्यात बसेना. मी एकदा मुद्दाम धुळ्याला गेले आणि विचारलंच.

"अक्का, तुन्ही नात बिलं झकास लिखस," आबा म्हणाले. "तिन्हा हात काळा कशाले करू?"

"हात धुवायला साबण मी देते," मी म्हटलं. "तुम्ही पाना द्या."

आबा हसले. त्यांच्या केबिनच्या काचेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्याकडे बोट केलं. त्या चिठ्ठीवर तेवीस सेकंद आणि वर चार दशांश लिहिलेलं होतं.

आता ही चिठ्ठी कसली, ते सांगते. धुळ्याबाहेर एका नव्या वसाहतीचा सरळ सिमेंटचा रस्ता आहे, रहदारी अजून सुरू झालेली नाही. तिथे वर्षातून एकदा परवानगी काढून गाड्यांची शर्यत भरवतात. चारशे मीटर, एकदम सरळ. त्यात घरगुती गाड्यांचा एक गट असतो. नियम सोपा: घरून चालवत या, पळवा, चालवत घरी जा, मधे टायर किंवा काही सुटा भाग बदलायचा नाही. आदल्या वर्षी आबांनी आमचीच गाडी पळवली होती, चिठ्ठीवरचा वेळ तोच. आमची म्हणजे गोल पाठीची पांढरी जुनी मोटार, आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, सरकारी लिलावात घेतलेली. मालक गेले, गाडी राहिली. दर आठवड्याला गिरणीचं धान्य तिच्याच डिकीतून येतं.

"मन्ही चिठ्ठी पाडी दाखाव," आबा नातीला म्हणाले. "त्याच गाडीवर. मग मागच्या दांड्याचं काम बठ्ठं तुन्हं. नही पाडी, तर पेन घे आणि गुमान बस."

पोरगी माझ्याकडे न बघताच "चालेल" म्हणाली. म्हणजे तेवीस-चारच्या आत आली तर मागच्या दांड्याचं सगळं काम तिचं. मी पण मान डोलावली.

आबांच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले दोन जोड होते. एक लहान दातेरी चाक आणि एक मोठं, असा एक जोड. ते दोन्ही एकमेकांत अडकून गाडीचं चाक फिरवतात. आम्ही दोघींनी खडूनं खुणा करून दात मोजले. पहिल्या जोडात लहान चाकाला नऊ, मोठ्याला चव्वेचाळीस. म्हणजे इंजिनाकडचा दांडा जवळजवळ पाच वेळा फिरेल तेव्हा गाडीचं चाक एकदा. हा ओढीचा. दुसऱ्यात दहाला एक्केचाळीस, म्हणजे चारच्या थोडंच वर. हा वेगाचा. गाडीत जो होता तो दोन्हींच्या मधला, साडेचारचा.

"ओढीचा टाक," आबा म्हणाले. "ओढ नही तर गाडी कसानी?"

आणि मी पण तेच म्हटलं. गिरणीवालीला कळायला हवं होतं, पण आमच्याकडे गाडीची किंमत ठरते ती काळ्या मातीतून किती कापूस ओढून काढते यावर. जी जास्त ओढते ती चांगली. इतक्या वर्षांची सवय डोक्यात, चारशे मीटर सिमेंटवर काय ओढायचंय हा प्रश्नच पडला नाही.

रविवारी गॅरेज बंद असताना आबा समोर खुर्ची टाकून बसले आणि नातीनं पहिल्यांदा त्यांच्यासमोर मागचा दांडा खोलला. नवे दात बसवल्यावर तिनं काय केलं, तर तेलात शेंदूर कालवला आणि दातांना लावला. मग हातानं चाक फिरवलं. जिथे दात दाताला घासतो तिथला शेंदूर पुसला जातो. ती खूण दाताच्या मधोमध पडली पाहिजे, कडेला पडली तर दात तुटतो. मी बघतच राहिले. आम्ही गिरणीच्या दगडाला टाकी लावताना गेरू लावतो, उंचवटा कुठे राहिला ते कळायला. अगदी तेच. चार वेळा खोलून चार वेळा लावलं तेव्हा खूण मधोमध आली. आबांनी खुर्ची जरा पुढे ओढली, एवढं मी पाहिलं.

सरावाला पारोळ्याजवळच्या एका कापसाच्या जिनचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार मिळालं. हंगाम संपलेला, आत लांबलचक मोकळा रस्ता, रखवालदार ओळखीचा. मी मोबाइल घेऊन चारशे मीटरवरच्या शेवटच्या खांबाशी उभी. गाडी सुटली ती अशी सुटली की रखवालदार टाळ्या वाजवायला लागला. पण अर्धं अंतर झालं नाही तोच इंजिन किंचाळायला लागलं. तिसरा गिअर संपला होता. या गाडीचा गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीवर, वर ढकल, खाली ओढ, त्यात वेळ जातो. चौथा पडेपर्यंत गाडीनं दम सोडला. मोबाइल म्हणाला, चोवीस आणि वर सहा.

"आबांपेक्षा वाईट," नात म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

मी तिच्या शेजारी बसले. मला तो आवाज ओळखीचा होता. दगडाकडे गरजेपेक्षा मोठी पुली बसवली, तर मोटार बोंबलते आणि पीठ मात्र सावकाश पडतं. मी म्हटलं, "बाई, हिला ओढायला काही नाहीये. ही नुसती ओरडतेय."

तिनं आधी टायरचा उपाय काढला. उंच टायर घालू, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाईल. मैत्रिणीच्या दुकानातून जीपचे दोन खडबडीत टायर आणून लावले. दिसायला गाडी वाघीण झाली. डिकीत माझी बाजरी भरली, पहिल्याच खड्ड्यात टायर वरच्या पत्र्याला घासला आणि जळक्या रबराचा असा वास सुटला की शेजारीण चूल तपासून आली. ते टायर परत गेले. शेवटी तिनं मूळ उंचीचेच घेतले, रस्त्याचेच, फक्त रबर मऊ असलेले. विकणारा म्हणाला, हे लवकर झिजतील. ती म्हणाली, झिजू देत, पण चिकटले पाहिजेत.

आणि मागे वेगाचा जोड. पुन्हा रविवार, पुन्हा शेंदूर. आबा म्हणाले, "ओढ कमी व्हई जाई, पोरी." ती म्हणाली, "हो आबा, सुरुवातीला कमी होईल. पण शेवटपर्यंत तिसऱ्यातच जाईन. तुम्ही मागच्या वर्षी रेषेच्या आधी चौथा टाकला होता, आठवतं?" आबांना आठवत होतं. तोंड वाकडं करून ते चहा आणायला गेले.

जिनच्या आवारात पुन्हा पळवली. तिसरा गिअर बरोबर खांबाशी संपला. बावीस आणि वर नऊ. मी रखवालदाराला गुळाचा खडा दिला. धुळ्याच्या रस्त्यावरही गाडी इतकी शांत चालली की मला झोप लागली.

शर्यतीच्या दिवशी पारोळ्याहून आम्ही दोघी निघालो. रांगेत लागलो, तपासणारा पोरगा आला, डिकी उघडायला लावली आणि हसायला लागला.

"आजी, हे काय?"

"बाजरी."

"तीन पोती?"

"गाडीतच असतात," मी म्हटलं. "आठवडाभराचं दळण."

"डिकी रिकामी पाहिजे, आजी. नियम आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आवारात आम्ही जितक्या वेळा गाडी पळवली, तितक्या वेळा ही पोती आत होती. त्यांच्या वजनानं मागची चाकं जमिनीला दाबून होती. पोती काढायची असतात हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं, कारण आमच्या गाडीत पोती नाहीत असा दिवसच नसतो! नातीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पोती खाली उतरवली आणि मी त्यांच्यावर बसले.

दोन फेऱ्या मिळणार होत्या. पहिल्या फेरीत गाडी सुटली आणि मागची चाकं जागीच फिरली, सिमेंटवरची धूळ उडाली. तेवीस आणि वर आठ. आबा दोरीपलीकडे उभे होते. मला वाटलं होतं ते हसतील. हसले नाहीत, नुसते टायरकडे बघत होते.

नात माझ्याजवळ आली. "आजी, गेलं."

"काही गेलं नाही," मी म्हटलं. "पट्टा सरकतो तेव्हा आपण काय करतो?"

"पट्टा ताणतो."

"आणि?"

तिनं मागच्या टायरकडे पाहिलं. "दगड सुरू होईपर्यंत धान्य सोडत नाही."

"मग सोडू नको."

तिला एवढंच हवं होतं. मागच्या दोन्ही टायरांची हवा तिनं थोडी थोडी काढली, म्हणजे टायर जमिनीवर जरा पसरतो, धरतो. आणि दुसऱ्या फेरीला क्लच एकदम न सोडता हळू सोडला. गाडी सुरुवातीला इतकी निवांत निघाली की शेजारची लाल गाडी दोन हात पुढे गेली आणि मागे कुणीतरी ओरडलं, "अरे, दळण राहिलं का घरी?" लोक हसले. मी पोत्यावर मूठ आवळून बसलेली. मग चाकांनी जमीन धरली. दुसरा, तिसरा, आणि तो तिसरा काही संपेना, आवाज चढत गेला, चढत गेला आणि रेषेशी जाऊन थांबला. लाल गाडी अजूनही पुढेच होती, पण आम्हाला तिच्याशी काय देणंघेणं?

वेळ मोजणाऱ्या माणसानं कागद फाडून दिला. तेवीस आणि वर एक. आबांचे वर चार होते.

आबांनी तो कागद चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला. "हवा भर," ते म्हणाले. "अशीच रस्त्यावर गयी तर टायर फाटी जाई." एवढंच बोलले आणि पायपंप स्वतः आणून दिला. तिनं हवा भरली, दोघांनी मिळून पोती डिकीत टाकली, आणि आम्ही दुपारच्या उन्हात पारोळ्याला परत आलो, त्याच टायरांवर, त्याच गिअरवर. वाटेत ती एकटीच हसत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात नात डबा विसरून गेली म्हणून मी धुळ्याला गेले. आबा बिलाच्या टेबलावर बसलेले, पेन धरलेलं, समोर तीन गिऱ्हाइकं ताटकळत.

"अक्का," ते म्हणाले, "बठ्ठं गॅरेज उलटं करी टाकं तुम्ही."

मागे एका टेम्पोखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मी डबा वाजवला. खालून आवाज आला, "आजी, शेंदूर संपला. उद्या घरून देशील ना?"