शायेनचा मैलभर रस्ता

मनोहर आजारपणात गेला, त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोचा, शालिनीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, आम्ही नागपूरला परत चाललोय. त्याआधी तो रस्ता एकदा दाखवाल?"

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. त्या शनिवारी सकाळीच आम्ही डेन्व्हरहून निघालो.

तो रस्ता म्हणजे शायेनचा आय-१८०, म्हणजे इंटरस्टेट हायवे नंबर १८०. वायोमिंगच्या या छोट्या राजधानीला आय-८० या मोठ्या हायवेशी जोडणारा जेमतेम मैलभराचा तुकडा. माझा कॉलेजपासूनचा मित्र मनोहर एका लहान कंपनीत ड्रॉइंग्ज करायचा. या रस्त्यावरच्या पुलाची कितीतरी ड्रॉइंग्ज त्याच्या हातची होती.

डेन्व्हरपासून शंभर मैल, आय-२५ ने सरळ उत्तरेला. तेव्हा ताशी पंचावन्न मैलांची वेगमर्यादा होती, म्हणून दोन तास धरायचे. फोर्ट कॉलिन्सला टाकी भरून घेतलेली बरी, पुढे फारसं काही लागत नाही. नुसतं पिवळं गवत, कुंपणं, आणि गाडी ढकलणारा वारा. वहिनींनी पोळी-भाजी आणली होती, पण खाल्ली कुणीच नाही. त्यांची सहा वर्षांची मेघना मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसली होती.

आय-८० वरून वळलो आणि लगेच लाल दिवा लागला.

"हायवेवर सिग्नल?" वहिनींनी विचारलं.

"मनोहर यावरूनच हसायचा. म्हणायचा, नाव इंटरस्टेट आणि थांबतो गल्लीसारखा."

पुलावर चढलो. खाली रेल्वेचं यार्ड, मालगाड्यांच्या रांगा, समोर विधानभवनाचा सोनेरी घुमट. दोन मिनिटांत गावात उतरलोसुद्धा.

"संपला?"

"हो."

"इज दॅट बाबाज रोड? द होल थिंग?" मेघना म्हणाली.

वहिनी म्हणाल्या, "परत एकदा न्या."

चार वेळा गेलो. चौथ्या खेपेला त्यांनी काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत कठड्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत.

गावातल्या एका साध्या हॉटेलात पॅनकेक मागवले. तिथे मला राहवेना.

"वहिनी, पूल सुरू झाल्यावर मनोहर मला दोनदा म्हणाला होता, यार, एकदा घेऊन चल. दोन्ही वेळा मी कबूल केलं आणि ऐन वेळी फोन करून कॅन्सल केलं. एकदा बर्फाचं कारण दिलं, एकदा ऑफिसचं. खरं सांगायचं तर आजारपणातली त्याची ती अवस्था मला बघवत नव्हती. शेजारी दोन तास बसायची भीती वाटत होती."

वहिनी मेघनाच्या पॅनकेकचे तुकडे करत होत्या. हात थांबला नाही.

"माहीत आहे. दोन्ही शनिवारी ते शर्ट-पँट घालून सकाळपासून तयार बसले होते."

परतीच्या वाटेवर मेघना झोपली. दारात उतरताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "गाडी सावकाश न्या."

यलोस्टोनला जाणाऱ्यांना मी अजूनही सांगतो, वाटेत शायेनला थांबा, पुलावरून घुमट छान दिसतो. बाकीचं सांगत नाही.

वहिनी नागपुरात शाळेत शिकवू लागल्या. दिवाळीला पत्र यायचं, त्यात तब्येतीची चौकशी आणि मेघनाचे मार्क. एका वर्षी उत्तरात माफी मागायची म्हणून बसलो. तीन ओळी लिहिल्या, कागद फाडला, आणि नव्या कागदावर लिहिलं की यंदा इकडे थंडी लवकर पडली.