सूचना नसलेला डबा

मानवत गावातल्या रंगाच्या दुकानदारानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या एका माणसाला फसवलं. मोठ्या पिंपातलं, रंग पातळ करायचं थिनर तो साध्या डब्यांत ओतून विकायचा. पिंपावर धोक्याची सूचना होती, डब्यावर काहीच नव्हतं.

माझी ट्रॉली मी त्या रंगाऱ्याकडंच दिली होती. पत्र्याच्या बंद शेडमध्ये तो तोंडाला काही न बांधता फवारा मारायचा. काम झालं की कोपरापर्यंत हात थिनरनं धुवायचा आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गुळानं छाती साफ होते, हे त्याला दुकानदारानंच सांगितलेलं.

“एवढ्या वासात राहतोस कसा रे?”

“वास आता येतच न्हाई, मालक. लय बरं झालं,” तो हसला.

ट्रॉलीवरची पिवळी पट्टी वाकडी आली होती. “पिऊन ओढलीस काय?” म्हणत मी भाव पाडला. त्यानं एका हातानं गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. दुसरा, थरथरणारा हात पाठीमागं नेला.

आता शेडला कुलूप आहे. त्याला ब्रश धरता येत नाही. थिनरच्या वाफेनं नसा जातात, गुळानं काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुकानदार म्हणतो, “मी काय जबरदस्तीनं विकलं काय?”

पिंपावरची सूचना तू वाचली होतीस. त्याला का सांगितली नाहीस, बोल. वाकड्या पट्टीचं उत्तर मलाही द्यायचं आहे. पण आधी तू दे.