काडीएवढा साहेब

रंगाऱ्याच्या स्वतःच्या घराला रंग नसतो, हे काही कुणाला नवीन नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करून आलेल्या माणसाला घरी पुन्हा ब्रश डोळ्यांसमोर नको असतो. या रंगाऱ्याचंही तेच होतं. बायको गेल्यानंतर थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली होती. तिच्या खोलीत खिडकीखाली ओल येऊन पोपडे सुटले होते.

ताई चपलांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या पायांशी वाकून संध्याकाळी घरी यायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, "धाकट्या, हिचा नंबर कधी लागणार?"

"पुढच्या आठवड्यात," असं तो म्हणायचा. तो आठवडा काही उगवत नव्हता.

ताईच्या खोलीत एक किडा होता. हुबेहूब वाळक्या काडीसारखा, वितीएवढा. दुकानातली एक मैत्रीण गाव सोडून जाताना तो ताईच्या गळ्यात मारून गेली होती. मोठ्या काचेच्या बरणीत, तोंडाला जाळी बांधून ताईने त्याला ठेवलं होतं. खायला गुलाबाची पानं. नाव 'साहेब', कारण दिवसभर जागचा हलायचा नाही आणि तरी काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं वाटायचं. चहा घेऊन ताई त्याच्यासमोर बसायची, दुकानातली गाऱ्हाणी त्याला सांगायची. रंगारी दारातूनच हसायचा. "ताई, तुझा साहेब रजेवर आहे की हजर?" यापलीकडे त्याचा त्या किड्याशी संबंध नव्हता.

ताई लेकीकडे दोन दिवस राहायला गेली, तेव्हा त्याने ठरवलं, आता भिंत करूनच टाकायची. आली की चकितच होईल! त्याने पोपडे खरवडले, खड्डे लांबीने बुजवले, भिंत रंगवली. हात लागलाच आहे तर खिडकीला नि कपाटालाही ऑइलपेंट मारला. साहेबाची बरणी त्याने आधीच उचलून न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली होती. रंगाचे शिंतोडे उडायला नकोत, एवढी काळजी त्याने घेतली.

संध्याकाळी दमून, सवयीने, त्याने न्हाणीघरातच थिनरने ब्रश धुतले. उरलेले ब्रश थिनरच्या उघड्या डब्यात भिजत ठेवले आणि घरात वास नको म्हणून दार ओढून घेतलं. काम करताना स्वतःच्या नाकाला मात्र त्याने रुमाल बांधला होता.

सकाळी दार उघडलं तर वास अंगावर आला. साहेब बरणीच्या तळाशी पडला होता, पाय अंगाशी घेऊन. घाबरला की हा मेल्याचं सोंग घेतो, असं ताई एकदा म्हणाली होती. त्या शब्दाला धरून रंगाऱ्याने बरणी खिडकीत नेली, जाळी काढली, हळूच फुंकर घातली. कामावर न जाता दुपारपर्यंत तिथेच बसला. सोंग नव्हतं ते.

ताईने पिशवी खाली ठेवायच्या आतच त्याने सगळं सांगून टाकलं. ती बरणीपाशी गेली, पाहिलं आणि "बरं" म्हणाली. मग गुलाबाच्या कुंडीत चमच्याने खड्डा करून तिने त्याला पुरलं. कोऱ्या भिंतीबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि तिने काही बोलावं असं त्यालाही वाटेना.

त्या दिवसापासून रंगाऱ्याने स्वतःला सुखाने घास गिळू दिला नाही. जेवताना मध्येच म्हणायचा, "माझ्या लक्षातच कसं आलं नाही गं?"

"अरे, चूक होते माणसाच्या हातून," ताई म्हणायची.

"पण मी नाकाला रुमाल बांधला होता, ताई."

"जेव आता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "तू मनापासून माफ केलंस ना?" ती हो म्हणायची, त्याला पटायचं नाही. कामावरही तीच कथा. एका घरी काम सुरू करण्याआधी त्याने विचारलं, घरात पक्षी आहे का, मासे आहेत का, कोपऱ्यात कोळी तरी? घरमालकीण म्हणाली, "मांजर आहे. पण ते तुमच्याहून शहाणं आहे. वास आला की शेजारी जाऊन झोपतं." रंगाऱ्याला हसू आलं नाही. त्याने साहेबाची सगळी हकीकत तिला ऐकवली. तिनेही त्याची समजूत काढली.

एका संध्याकाळी तो नवीन बरणी घेऊन आला. "ताई, तसला किडा कुठे मिळतो त्याची चौकशी केलीय मी. म्हणजे तुला जरा..."

ताईने हातातला कप दाणकन खाली ठेवला. "पुरे! धाकट्या, किडा माझा मेला आणि रोज समजूत मी तुझी घालतेय. दुकानातून येते ती तुझा पडलेला चेहरा बघायला. मला रडायला जागाच ठेवली नाहीस तू."

'माफ कर' हे शब्द पुन्हा ओठांवर आले होते, ते त्याने गिळले. पहिल्यांदाच गिळले. बरणी दाराबाहेर ठेवून तो तिच्यासमोर बसला. मग त्याने विचारलं, "कसा होता गं तो? मी कधी नीट पाहिलाच नाही."

ताईने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "चालताना डुलायचा. खोलीत वारा नसला तरी, वारा असल्यासारखा." तिने हात हलवून दाखवलं. "पान खाताना कडेने खायचा, कातरीने कापल्यासारखं. माझ्या बोटावर चढला की वजनच कळायचं नाही. तरी कुणीतरी आहे, असं वाटायचं." बोलता बोलता ती रडू लागली, किड्यासाठी रडतेय याची लाज न बाळगता. रंगाऱ्याने तिला गप्प केलं नाही आणि स्वतःचंही काही मध्ये घातलं नाही. त्याला ते जड गेलं.

रुखरुख काही लगेच गेली नाही. थिनरचा डबा उघडताना अजूनही त्याचा हात क्षणभर थांबतो. नवीन घरी काम घेताना तो एकदाच विचारतो, "घरात कोणी जीव आहे का?" उत्तर ऐकतो, खिडक्या उघडतो आणि कामाला लागतो. साहेबाची गोष्ट मात्र तो आता कुणाला सांगत नाही. ताईला आठवण आली की ती सांगते, आणि तो ऐकतो.